रक्त कमी झालं म्हणजे माज सरला असं नव्हे

पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. घर जुनं, मागे सुपारी-नारळाचं कुळागर, भोवती चिऱ्यांचा गडगा. गेल्या डिसेंबरात बाजारात भाजीच्या पोत्यांमागे कुत्रीचं महिन्या-दीड महिन्याचं पिल्लू कुडकुडत बसलं होतं, ते माझ्या मुलीने उचलून आणलं. नाव ठेवलं शेवंती. आता ती दहा महिन्यांची असेल. आठ दिवसांपूर्वी सोप्यावर रक्ताचे थेंब दिसले. तेव्हापासून रोज जात होतं, पण कालपासून खूप कमी झालंय, पाण्यासारखं. म्हणजे आता संपत आलं ना? माई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांनी जन्मभर गुरं सांभाळली. त्या म्हणतात, रक्त दिसलं की माज गेला. पण चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, अकरा दिवसांवर आलीय आणि गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या घरात विटाळाची कुत्री नको, तिला चवथ होईपर्यंत कुळागरातल्या मांगराकडे, त्या खोपटाकडे, बांधा, असंही त्यांचं म्हणणं आहे. रोज रात्री गडग्यावर चार-पाच कुत्रे येऊन बसतात. मिस्टर म्हणतात, एकदा पिल्लं होऊ देत, ते तब्येतीला चांगलं, मग ऑपरेशन करू. शेजारी म्हणाले, एक इंजेक्शन मिळतं, दिलं की सगळं थांबतं. आणि माझी सात वर्षांची मुलगी रोज विचारते, शेवंतीला दुखतंय का? मी कोणाचं ऐकू?

उत्तर

तुमचं पत्र वाचलं त्या संध्याकाळीच मी दोन वाक्यं कळवली होती: शेवंतीला मांगराकडे बांधू नका, आणि गळ्यात दोरी असल्याशिवाय तिला उंबऱ्याबाहेर सोडू नका. घाई केली ती तुमच्या एका ओळीमुळे. 'कालपासून खूप कमी झालंय, पाण्यासारखं.' तुम्ही ती सुटकेचा श्वास टाकत लिहिलीत, आणि मला मात्र वाचताना धस्स झालं. तुम्हाला वाटलं संपत आलं. खरी जोखीम आता सुरू होते आहे.

फोंड्याला माझ्या दवाखान्यात चवथीनंतर महिन्याभराने अशा कुत्र्या येऊ लागतात. सोबतचा माणूस सांगतो, 'रक्त थांबलं होतं हो डॉक्टर, म्हणून सोडली.' मी पोटावर सोनोग्राफीचा प्रोब टेकवते. पडद्यावर एक काळी गोल पिशवी दिसते, शेजारी दुसरी, मग तिसरी, पाचवी, आणि प्रत्येकीत एक बारीक ठिपका लुकलुकत असतो. ते पिल्लाचं हृदय. माणूस एकदम गप्प होतो. त्याने काळजी घेतलेली असते, मोजून आठ-नऊ दिवस घेतलेली असते. फक्त ते दिवस चुकीचे असतात.

म्हणून आधी माईंशी बोलू, कारण त्या चुकीचं सांगत नाहीत. त्या गाईचं सांगताहेत. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते, माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो, आणि तो ओसरल्यावर एक ते तीन दिवसांनी, विशेषतः कालवडींत, शेपटीखाली रक्ताचा डाग दिसतो. गोठा सांभाळलेली बाई तो डाग बघून बरोबर सांगते की माज गेला, आता पुढचा धरायचा. कुत्रीचं नेमकं उलट आहे. तिच्यात रक्त आधी येतं आणि माज मागून. जन्मभराचं खरं ज्ञान इथे नेमकं उलटं पडतं, आणि म्हणून मला माईंना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांना एवढंच सांगा: माई, गाईत रक्त म्हणजे माज गेला, कुत्रीत रक्त म्हणजे माज येतोय.

आता विटाळ. बाईची पाळी कशामुळे येते? गर्भाची तयारी म्हणून गर्भाशयात जो थर तयार झाला, तो गर्भ न राहिल्याने गळून पडतो, ते रक्त. बीज सुटून गेल्यानंतर चौदा-एक दिवसांनी. शेवंतीचं रक्त बीज सुटण्याच्या आधीचं आहे. एस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं, गर्भाशयाच्या अस्तरात रक्तपुरवठा वाढतो, बारीक रक्तवाहिन्या भरून येतात आणि त्यातून रक्त पाझरतं. काही गळून पडत नाही. तिला पाळी आलेली नाही, ती माजावर आली आहे. आणि गाय माजावर आली म्हणून आपल्या घरांत कोणी कधी विटाळ धरला नाही. उलट ती हंबरू लागली की रेतनवाल्याला बोलवायची गडबड उडते. माईंना 'माज' हा शब्द वापरून सांगितलंत तर अर्धा वाद तिथेच मिटेल. बायकांच्या पाळीलासुद्धा मी विटाळ मानत नाही, हे मी उघडच सांगते. पण तो वाद चवथीच्या तोंडावर शेवंतीच्या निमित्ताने काढायची गरज नाही. माईंना देवाच्या खोलीत आणि माटोळीखाली कुत्री नको असेल तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि तो सहज सांभाळता येतो. शेवंती घराच्या आत हवी, एवढीच माझी अट आहे. देवघरात हवी असं मी म्हणत नाही.

दिवस कसे मोजायचे ते नीट सांगते, कारण सगळं त्यावर आहे. रक्त पहिल्यांदा दिसलं तो दिवस पहिला धरा. पहिला टप्पा साधारण नऊ दिवसांचा. या काळात योनीमुख सुजतं, लाल रक्त जातं, ती सारखी चाटते, थोडं थोडं आणि ठिकठिकाणी मुतते. त्या मुतातून सगळ्या वाड्याला निरोप जातो आणि कुत्रे येऊन बसतात. पण कुत्रा जवळ आला की ती गुरगुरते, खाली बसते, चावायला जाते. लोक हे बघून निर्धास्त होतात: आमची कोणाला जवळ येऊ देत नाही. मग दुसरा टप्पा. तोही सरासरी नऊ दिवसांचा. रक्त फिकट होतं, गुलाबी, मग वाळलेल्या गवताच्या रंगाचं, पाणचट. सूज मऊ पडते. कमरेवर, शेपटीच्या मुळाशी हात ठेवलात तर ती पाय रोवून उभी राहते आणि शेपटी एका बाजूला वळवते. हाच खरा माज. काल-परवापर्यंत कुत्र्यांवर धावून जाणारी शेवंती आता स्वतः दोरी ओढत त्यांच्याकडे जाईल.

सरासरी हा शब्द मात्र फसवा आहे. पहिला टप्पा कोणाचा तीन दिवसांत उरकतो, कोणाचा सतरा दिवस चालतो. दुसराही तीन ते एकवीस दिवसांचा असू शकतो. पहिल्याच माजात तर गडबड जास्त. काही कुत्र्यांना शेवटपर्यंत लालच जातं, काहींना इतकं कमी जातं की त्या चाटून साफ करतात आणि घरच्यांना पत्ताच लागत नाही. त्यामुळे नुसत्या कॅलेंडरवर विसंबू नका, रोज बघा. पांढऱ्या कापसाचा बोळा किंवा टिश्यू सकाळ-संध्याकाळ हलकेच टेकवायचा आणि रंग बघायचा. कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवायचं: लाल, गुलाबी, फिकट. ही चिठ्ठी पुढे डॉक्टरांना फार उपयोगी पडते. नक्की टप्पा कळायलाच हवा असेल तर आम्ही योनीतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन काचेवर पसरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघतो. माज भरात आला की पेशींच्या कडा कोनदार होतात आणि आतलं केंद्रक दिसेनासं होतं. पाच मिनिटांचं काम आहे, दुखत नाही.

अजून एक गोष्ट कुत्रीत वेगळी आहे आणि तिनेच बहुतेक घरं फसतात. बीज सुटलं तरी ते कच्चं असतं, पिकायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. आणि कुत्र्याचे शुक्राणू तिच्या पोटात आठवडाभरसुद्धा जिवंत राहतात. म्हणजे बीज सुटण्याच्या चार दिवस आधी ती पाच मिनिटं निसटली असली तरी पिल्लं राहू शकतात. वेगवेगळ्या दिवशी दोन कुत्रे लागले तर एकाच वेताला दोघांची पिल्लं जन्मतात. एका वेतात एक काळं, एक तांबडं, एक झुपकेदार शेपटीचं असतं ते पुष्कळदा याचमुळे.

आता तुमचा हिशोब. पत्र लिहिलंत तो नववा दिवस होता, चवथ अकरा दिवसांवर, म्हणजे चवथ येते विसाव्या दिवशी. भराचे दिवस बरोब्बर तयारीच्या आठवड्यात पडतात. याच दिवसांत घराचं दार दिवसभर उघडं असतं. कोणी माटोळीचं सामान घेऊन येतं, कोणी रंगारी, मुंबईहून दीर-जावा येतात, मुलं आत-बाहेर धावतात, गडग्याचं फाटक कोणी लावत नाही. त्यात हा भाद्रपद. आपल्याकडे उगाच भादव्यातल्या कुत्र्यांची म्हण पडलेली नाही. घरात वाढलेली कुत्री वर्षात केव्हाही माजावर येते, पण गावातल्या मोकळ्या कुत्र्या बऱ्याचशा पावसाच्या अखेरीस येतात, त्यामुळे या महिन्यात कुत्र्यांच्या टोळ्या तशाही फिरतच असतात. चवथीच्या आठवडाभर आधी कुत्रा लागला तर ६३ दिवसांच्या हिशोबाने पिल्लं कधी येतील? ऐन नरकासुराच्या आणि दिवाळीच्या दिवसांत, फटाक्यांच्या आवाजात. तुमची शेवंती डिसेंबरात महिन्या-दीड महिन्याची होती म्हणता. तीही बहुधा अशाच एका भादव्याची.

मांगराकडे बांधायला माझा एवढा विरोध का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. बांधलेली माजावरची कुत्री स्वतःला वाचवू शकत नाही. कुळागरात रात्री कोणी नाही, चिऱ्यांचा गडगा कमरेइतका, तो कुत्र्याला एका उडीचा. चार-पाच जण एकमेकांत भांडतील, आणि त्या भांडणात साखळीला अडकलेली दहा महिन्यांची पोर मधे सापडेल. मी मानेला, पायाला खोल चावे घेतलेल्या कुत्र्या टाके घालायला घेतल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक बाहेर बांधलेल्याच होत्या.

त्याऐवजी न्हाणीजवळची किंवा कोठीची एखादी खोली तिला द्या. जमीन धुता येईल अशी. खिडकीला गज असतील तरी जाळी किंवा फळी लावा, कारण फाटकाच्या गजांमधूनही कुत्रे लागल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. दारं दोन हवीत: तिच्या खोलीचं आणि घराचं. एक उघडलं तर दुसरं बंद. पाहुणे येतील तेव्हा खोलीला बाहेरून कडी आणि त्यावर मुलीच्या हातची चिठ्ठी: 'शेवंती आत आहे, दार उघडू नका.' तुमची मुलगी हे काम आनंदाने करेल.

बाहेर न्यायचं ते फक्त शी-शूसाठी, दिवसातून तीन-चार वेळा, छोट्या मजबूत दोरीने, दोरी मोठ्या माणसाच्या हातात. नुसता गळ्यातला पट्टा नको, ती मागे सरकली की डोक्यावरून निसटतो. छातीला बांधायचा पट्टा घ्या. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो तेव्हा वाड्यावरचे सगळे कुत्रे रस्त्यावर असतात, ती वेळ टाळा, त्याआधी नेऊन आणा. गडग्याच्या कडेने मुतू देऊ नका, घराच्या मागच्या बाजूला एकच जागा ठरवा आणि लगेच बादलीभर पाणी ओता. बरोबर छत्री ठेवा, पावसासाठी तर हवीच, पण समोर कुत्रा आला की एकदम उघडली तर तो दचकून मागे हटतो. दगड मारू नका. वास लपवायला शेपटीला कापूर, निलगिरी, सर्दीचं मलम चोळायचे सल्ले मिळतील. कुत्र्याच्या नाकाला ते फसवत नाही, आणि ती चाटते म्हणून तिला मात्र विषबाधा होऊ शकते. योनीमुखावर डेटॉल, हळद काही लावायचं नाही. कोमट पाण्याने बाहेरून पुसलं की पुरे.

डागांसाठी मुलीची जुनी सुती चड्डी उलटी घालून शेपटीसाठी भोक पाडा आणि आत पॅड चिकटवा. तीन-चार तासांनी बदला, रात्री आणि बाहेर नेताना काढा. पावसाळ्यात ओलसर चड्डीखाली दोन दिवसांत कातडी लाल होते. आणि चड्डी घातली म्हणून कुत्र्यापासून संरक्षण झालं असं अजिबात समजू नका.

हे कधीपर्यंत? रक्ताच्या पहिल्या दिवसापासून पुरे चार आठवडे. चवथ होऊन गेल्यावरही आठवडा-दहा दिवस. सूज पूर्ण उतरली, स्राव थांबला, कुत्र्यांनी गडगा सोडला आणि ती पुन्हा त्यांच्यावर गुरगुरू लागली, या चारही गोष्टी जुळल्या की दोरी सोडा. गडग्यावरच्या त्या कुत्र्यांकडे एकदा नीट बघा. ज्याच्या कानाच्या टोकाला काप दिला असेल त्याची नसबंदी झालेली आहे. काप नसलेले जास्त असतील तर पंचायतीला सांगा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. आणि शेवंतीला रेबीजची लस झाली आहे ना, ते आजच कार्डावर बघा. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, ते वर्षानुवर्षं दारोदार, समुद्रकिनाऱ्यावर, बाजारात फिरून कुत्र्यांना लसी दिल्यामुळे. माजाच्या दिवसांत चावे होतातच, तेव्हा तुमच्या घरातली लस चुकलेली नसावी.

इतकं करूनही निसटली तर? दोघं मागून अडकलेली दिसली तर ओढू नका, पाणी फेकू नका, काठी मारू नका. कुत्र्याच्या लिंगाच्या मुळाशी गाठ फुगते आणि ती उतरेपर्यंत, पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, ते सुटूच शकत नाहीत. ओढलं तर दोघांना आतून जखम होते. शांत उभं राहायचं, तारीख लिहून ठेवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा.

आणि इथे शेजाऱ्यांचं इंजेक्शन येतं. अशी दोन प्रकारची इंजेक्शनं लोक मागतात. एक माज थांबवायचं, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनचं. दुसरं कुत्रा लागल्यानंतरचं, एस्ट्रोजेनचं. पहिल्याने गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांत गाठी होण्याचा धोका वाढतो. दुसऱ्याने पू होण्याच्या धोक्याबरोबर हाडांतली अस्थिमज्जा दबते आणि नवं रक्त तयार होणं थांबू शकतं. कोणी दुकानातून आणून टोचून देतो म्हणाला तर हात धरून थांबवा. बाईच्या गर्भनिरोधक गोळ्याही देऊ नका. पिल्लं नको असतील तर २८-३० दिवसांनी सोनोग्राफी करायची, गर्भ असेल तर डॉक्टरांशी बोलून ऑपरेशन करायचं. त्यात गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही निघतात, पुन्हा हा प्रश्न उरत नाही.

मिस्टरांचं म्हणणं मी रोज ऐकते. शिकलेले, प्रेमळ लोक म्हणतात. एक वेत झालं की कुत्री निरोगी राहते, याला वैद्यकात काहीही आधार नाही. उलट प्रत्येक माजागणिक स्तनांच्या गाठींचा धोका चढत जातो. १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑपरेशन न केलेल्या कुत्रीच्या तुलनेत पहिल्या माजाआधी ते केलेल्यांत हा धोका अर्धा टक्का, पहिल्या माजानंतर ८ टक्के आणि दुसऱ्यानंतर २६ टक्के दिसला होता. नंतरच्या संशोधकांनी या आकड्यांच्या नेमकेपणावर प्रश्न उपस्थित केले आहेत, पण एक वेत होऊ दिल्याने फायदा होतो असं कोणीच दाखवलेलं नाही. दहा महिन्यांची कुत्री अजून स्वतः पूर्ण वाढलेलीही नसते. आणि मिस्टरांना एक विचारा: पाच पिल्लं झाली, त्यांतल्या तीन माद्या निघाल्या, तर त्या कोणाकडे द्यायच्या? गावठी नर लोक नेतात. मादी म्हटली की 'बघतो' म्हणतात आणि फिरकत नाहीत. मग एक दिवस कोणीतरी त्यांना पोत्यात घालून बाजारात सोडतं. शेवंती तिथेच तर मिळाली तुम्हाला.

ऑपरेशन आत्ता नको. माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. माज सरल्यावर अडीच-तीन महिन्यांनी, म्हणजे डिसेंबरात करा. पाऊस गेलेला असतो, टाके कोरडे राहतात. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नोव्हेंबरातच तारीख घेऊन ठेवा. नाही केलंत तर सहाएक महिन्यांनी, शिगम्याच्या आसपास, हेच सगळं पुन्हा. आणि कुत्रीचा माज वयाने बंद होत नाही, म्हातारपणीही येत राहतो.

चवथ ते दिवाळी या दिवसांत तिच्यावर नजर ठेवा. माजानंतर दोन ते आठ आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. वय वाढेल तसा हा धोका वाढतो, पण लहान कुत्रीतही मी पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एक लॅब्रेडोर आली होती, सहा वर्षांची. मालकीणबाई म्हणाल्या, 'ऊन फार, म्हणून पाणी जास्त पिते, दिवसाला दोन तांबे रिकामे करते.' जेवण सोडलं होतं, दोनदा उलटी झाली होती. स्राव काही नव्हता, त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. मी पोट दाबलं तर भाकरीच्या पिठाच्या गोळ्यासारखं घट्ट लागलं. गर्भाशयाचं तोंड बंद होतं आणि आत पू साठत चालला होता. त्या रात्री ऑपरेशन केलं, गर्भाशयाची दोन्ही शिंगं, म्हणजे त्याच्या दोन नळ्या, मनगटाएवढी फुगली होती. ती वाचली. एक दिवस उशीर झाला असता तर वाचली नसती, हे मी खात्रीने सांगते. तेव्हा माजानंतर तहान वाढली, खाणं सुटलं, उलटी झाली, अंग गळालं, दुर्गंधी स्राव आला, यांतलं काहीही दिसलं तरी उद्यावर टाकू नका.

आणि रक्त चार आठवड्यांनंतरही थेंब थेंब येतच राहिलं तर तो नुसता माज नसूही शकतो, दाखवून घ्या. एक कारण म्हणजे बाहेरच्या कुत्र्याशी जुगल्याने पसरणारी एक गाठ, आम्ही तिला टीव्हीटी म्हणतो. फुलकोबीच्या गड्ड्यासारखी, हात लागला की रक्त येणारी. भटक्या कुत्र्यांत ती बरीच दिसते. आठवड्याला एक अशी विनक्रिस्टिनची काही इंजेक्शनं घेतली की ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते, पण लवकर दाखवायला हवी.

एक प्रकार मात्र बघून घाबरू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेवंती कदाचित मुलीची एखादी बाहुली तोंडात धरून खाटेखाली घेऊन जाईल, तिच्याभोवती गुंडाळी करून बसेल, कोणी जवळ गेलं तर कण्हेल. स्तन भरतील, दूधसुद्धा येईल. गर्भ नसतानाही कुत्रीचं शरीर दोन महिने गर्भारपणाच्याच हार्मोनमधून जातं, त्यामुळे हे होतं. दूध काढू नका, शेकू नका, चोळू नका, त्याने ते आणखी येतं. बाहुली हळूच लपवा, तिला फिरायला न्या, दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. फार त्रास वाटला किंवा स्तन गरम, कडक झाले तर दाखवा.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला सांगा, दुखत नाही. शेवंतीला अंगात काहीतरी बदलल्यासारखं वाटतंय, म्हणून ती येरझाऱ्या घालते, रात्री कुईकुई करते, जेवण अर्धं टाकते, तुझ्याजवळ जास्त येते. ती बाहेर जायला रडेल तेव्हा दार उघडायचं नाही, हे तुझं काम. दुपारी तिच्या खोलीत दाराजवळ बसून गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाच. जुन्या पंचाला तीन गाठी मारून दे, ती अर्धा तास चावत बसेल. आणि चवथीला नेवऱ्या केल्या की एक तिला आणून देशील, तर नको देऊस. सारणात मनुका असतात, त्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडतात. तिच्यासाठी थोडा भात आणि काटे काढलेला मासा चवथीच्या आधी किंवा नंतर ठेव, आणि चवथीच्या दिवशी भाताबरोबर उकडलेला दुधी दे.